कर्ज तोंडी, खरेदीखत मात्र पक्के!

मृग तोंडावर आला की बी-बियाण्याची चौकशी करायला माणसे आमच्याकडे येतात. गेल्या हंगामात एक जण वेगळेच दुखणे घेऊन आले. मुलीच्या लग्नाला शेकडा पाचने पैसे काढले होते. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के! सावकाराने कागद केला तो गहाणाचा नाही, खरेदीखताचा. ‘पैसे फेडा, जमीन माघारी लिहून देतो’ हा शब्द तोंडी. रान आजही तेच कसतात, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर. "साहेब, मी जमीन इकलीच नाही," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा. त्याखाली शेतकऱ्यासाठी ठरवलेला दर तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के, बिनतारणीला १२ टक्के. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कलम १८ प्रमाणे मागील १५ वर्षांत कर्जापोटी गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे.

मग घोडे अडते कुठे? पुराव्यापाशी. व्यवहार कर्जाचा होता हे दाखवायचे गरिबाने, आणि कागद सगळे सावकाराच्या पेटीत!

हे दुखणे जुनेच. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि दस्तामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. आज त्याच्या एक पाऊल पुढे जायला हवे. विक्रीनंतरही मूळ मालकच जमीन कसतो आहे आणि किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी आहे, तर तो व्यवहार कर्जाचाच धरावा. तसा नाही, हे घेणाऱ्याने सिद्ध करावे. एवढी दुरुस्ती झाली तर पुष्कळ घरे वाचतील.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, या मागणीचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि आमदारांकडे पाठवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हेही गावात सांगा.

आणि बंधूंनो, तुमची जमीन अशी अडकली असेल तर लाजू नका. १५ वर्षे भरायच्या आत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. दिलेल्या हप्त्यांची टिपणे, पीकपाहणीचे उतारे, शेजाऱ्यांचे जबाब, जे असेल ते जोडा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो.

आमच्याकडे आलेल्या त्या शेतकऱ्याने अर्ज दिला आहे. निकाल लागायचा आहे. तोवर पेरणी त्यांनीच केली, हे मी डोळ्यांनी पाहिले. कायद्यालाही ते दिसले पाहिजे.