आधी सही सोडा

एखाद्या पेढीला पंचाहत्तर किंवा शंभर वर्षं झाली की आपल्याकडे स्मरणिका निघते. पहिल्या पानावर पगडीतले संस्थापक, मग कोटातले चिरंजीव, मग टायमधले नातू आणि शेवटी लक्ष्मीपूजनाच्या फोटोत, तबक हातात धरून, घरातल्या झाडून सगळ्या बायका. मधल्या पानांवर सचोटी, संस्कार आणि ‘ग्राहक हेच दैवत’. मी सनदी लेखापाल आहे. असल्या पेढ्यांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली. स्मरणिकेत जे छापत नाहीत ते माझ्या फायलींत असतं. ऐंशी ओलांडलेल्या मालकांखेरीज बँक कुणाची सही ओळखत नाही. भागीदारीपत्र पिवळं पडलंय आणि त्यातले निम्मे भागीदार भिंतीवर हार घालून लटकलेत. मृत्युपत्राचा विषय काढला की उत्तर येतं, ‘‘अहो, शुभ बोला!’’

मराठी घरांतले धंदे का बुडतात, याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. मॉल, ऑनलाइन, जीएसटी, बाहेरून आलेले व्यापारी. यातल्या प्रत्येकाने थोडं नुकसान केलंही असेल. पण माझ्या डोळ्यांदेखत ज्या पेढ्यांना कुलूप लागलं, त्यांतल्या बहुतेकांचा घात घरात झाला आणि तो गल्ल्यावर बसून राहिलेल्या माणसाने केला. पहिली पिढी कमावते, दुसरी टिकवते आणि तिसरी उधळते, हे वाक्य दुसऱ्या पिढीने स्वतःच्या बचावासाठी फार प्रेमाने जपलं आहे. तिसऱ्या पिढीच्या हातात किल्ल्या पडतात त्या पन्नाशीला. तोवर बुडीत उधारी आणि कालबाह्य यंत्रं सोडून उधळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

बाजीराव विसाव्या वर्षी पेशवा झाला. दरबारातल्या जुन्या खोडांचा विरोध असताना शाहू महाराजांनी १७२० मध्ये त्याला वस्त्रं दिली. आमच्या बाजारपेठेत पंचेचाळिशीचा, दोन पोरांचा बाप असलेला मुलगा ‘अजून शिकतोय’. अर्थात बाजीरावालाही पद मिळालं ते वडील, बाळाजी विश्वनाथ, वारल्यावर! आणि रक्तावर भरवसा ठेवणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. त्याच घराण्यातला, त्याच नावाचा दुसरा बाजीराव १८१८ मध्ये गादी घालवून बसला. मुलगा आहे म्हणून गादी द्यायची आणि मुलगा आहे म्हणूनच अधिकार द्यायचा नाही, हे दोन्ही मूर्खपणे आपण एकाच घरात, एकाच मुलावर करून दाखवतो.

या मुलाला पगार नसतो. ‘घरचंच आहे की, लागेल तसे घे.’ म्हणजे पेट्रोलला पैसे हवे असले तर गल्ल्यातून काढायचे आणि वडिलांनी भुवई उचलली की परत ठेवायचे. आपल्या कामाची बाजारातली किंमत त्याला कधीच कळत नाही, म्हणून नोकराच्या कामाची किंमतही कळत नाही. त्याने बाहेरून मॅनेजर आणला, तर वडील दुसऱ्याच दिवशी जुन्या दिवाणजीला बाजूला घेऊन सांगतात, ‘‘त्याचं ऐकायचं, पण मला विचारून.’’ मॅनेजर पळून जातो. वडील खूश होतात. मुलाला माणसं सांभाळता येत नाहीत, हे पुन्हा एकदा सिद्ध झालेलं असतं.

आता कायद्याकडे या, कारण तो संस्कार मानत नाही. आपला भागीदारी कायदा १९३२ चा आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते, असं त्याचं ४२ वं कलम सांगतं. दोनच भाऊ भागीदार असतील तर करारात काहीही लिहा, एक गेला की भागीदारी संपली, कारण एकट्या माणसाची भागीदारी नसते. हिशेब न मिटवता उरलेल्याने धंदा पुढे रेटला, तर ३७ व्या कलमाप्रमाणे गेलेल्याच्या वारसांना त्या हिश्श्यावरचा नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यातलं हवं ते मागता येतं. हे विधवा वहिनीला कोण सांगणार? सल्ला द्यायला घरात फक्त दीर असतात.

एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर आणखी मजा. जीएसटीचा नंबर पॅनवर आणि पॅन मालकाचं. मालक गेले की वारसाने नवी नोंदणी घ्यायची आणि जुन्या नंबरावरचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने आपल्याकडे वळवायचं. कोणत्या बँकेत खातं, कुणाला किती उसने, गोदामाचा भाडेकरार कुठे, हे सगळं एका डोक्यात होतं आणि ते डोकं आता नाही. दहाव्याच्या दिवशी मुलगा माझ्याकडे येतो तो वडिलांच्या मोबाइलचा पासवर्ड शोधत. यालाच स्मरणिकेत ‘अखंड परंपरा’ म्हणतात.

त्या तबकवाल्या बायकांचं काय? कागदोपत्री त्या फार मोठ्या आहेत. आयकरात पगाराची वजावट कार्यकारी भागीदारालाच मिळते, म्हणून सूनबाई कार्यकारी भागीदार. प्रत्यक्षात तिने गल्ल्याचा खण उघडला तर घरात भूकंप होईल. कर्जाला जामीनदार म्हणून तिची सही चालते. कर्ज कशासाठी घेतलं हे विचारलेलं चालत नाही. लेकीची तऱ्हा याहून वाईट. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारखंच हक्काचं वाटेकरी केलं, देशाने २००५ मध्ये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. त्यावर आपल्या घराण्यांचं उत्तर तयार आहे: भाऊबीजेला पैठणी आणि पैठणीच्या घडीत हक्कसोडपत्र. हिशेबाचं डोकं घरात एकटीला असेल, तरी तिने ते सासरी वापरावं. दुकान मात्र त्या भावाने चालवावं, ज्याला टक्केवारी काढायला अजून मोबाइल लागतो.

वाटणी हा शब्द आपण मर्तिकासारखा उच्चारतो. गाडगीळांची सराफी पेढी १८३२ ची, सांगलीतली. पुढे वाटण्या झाल्या, स्वतंत्र कंपन्या झाल्या आणि त्यातल्या एकीचे शेअर २०२४ मध्ये बाजारात नोंदले गेले. वाटणीने घराणं बुडत नाही. चार भाऊ एका गल्ल्यावर बसून एकमेकांच्या चहाचे कप मोजतात तेव्हा बुडतं.

यावर हुशार लोक मला किर्लोस्करांचं उदाहरण देतात. २००९ मध्ये कौटुंबिक करार केला, तरी भाऊ कोर्टात गेलेच ना? गेले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला, इथवर गेले. पण भाऊ भांडत असताना पंप आणि इंजिनं बनत राहिली, कारण कंपन्या वेगळ्या होत्या, त्यांची संचालक मंडळं वेगळी होती आणि हिशेब जाहीर होते. कागदाने भांडण थांबेलच असं नाही, पण कामगारांचा पगार थांबत नाही. तुमच्याकडे भांडण झालं की आधी शटर खाली येतं.

‘पण मुलांनाच रस नाही हो, सगळी अमेरिकेत.’ का असेल रस? त्यांच्या लहानपणी रोज रात्री ताटावर बसून तुम्ही काय ऐकवलंत? हा धंदा म्हणजे हमाली आहे, गिऱ्हाईक चोर आहे, सरकार दरोडेखोर आहे, नीट शिक, नाहीतर माझ्यासारखा इथे बसशील. मुलाने ऐकलं. आज्ञाधारक निघाला, म्हणून आता तोच कृतघ्न ठरला.

उपाय फार थोडे आहेत आणि त्यातला एकही महाग नाही. मुलाला आणि मुलीला आधी दुसऱ्याकडे नोकरी करू द्या, मग पगारावर आपल्याकडे घ्या. भागीदार मेला किंवा वेगळा झाला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, हे सगळे जिवंत आणि बोलते असतानाच लिहून काढा. मुलगा-मुलगी दोघांपैकी कुणालाच धंदा चालवता येत नसेल तर तो विकून पैसे वाटा. विकण्यात पाप नाही, सडवण्यात आहे. आणि तुम्ही कोणत्या तारखेला थांबणार, ते घरात सगळ्यांसमोर सांगा. त्यानंतर दुकानात आलात तर गिऱ्हाइकासारखे या, पैसे देऊन माल घ्या आणि घरी जा.

हे सगळं एकदम झेपणार नाही, ठाऊक आहे. तेव्हा या महिन्यात एकच करा. मुलाला किंवा मुलीला घेऊन बँकेत जा आणि तिच्या किंवा त्याच्या एकट्याच्या सहीवर चेक वटेल अशी व्यवस्था करा. फक्त त्या एका फॉर्मवर सही करताना तुमचा हात थरथरत असेल, तर पुढची पिढी नालायक आहे हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका.