तबकडी आपली, किल्ली परक्याची

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. थान मोजून दिले, रक्कम गल्ल्यात आली, की त्या थानावरचा आमचा हक्क संपला. गिऱ्हाईक त्याचा सदरा शिवो, पडदा करो, नाही तर पेटीत घालून ठेवो. सिनेमाच्या ब्लू-रे तबकडीचा सौदा मात्र असा नाही. आमच्या ज्या बांधवांची कॉम्प्युटर जोडणीची, दुरुस्तीची किंवा इलेक्ट्रॉनिक मालाची दुकाने आहेत, त्यांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. तक्रार घेऊन गिऱ्हाईक जपानच्या कंपनीकडे जात नाही, ते दुकानाच्या पायरीवर येते.

माल म्हणून ही तबकडी अव्वल आहे. साध्या डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावते, ब्लू-रेच्या एका थरात 25 आणि दोन थरांत 50. डीव्हीडी वाचणारा लेसर तांबडा, 650 नॅनोमीटरचा; हा निळसर जांभळा, 405 चा. सुई बारीक तसा टाका बारीक, हे आमच्या कारागिरांना सांगायला नको. इंटरनेटवरून येणारा सिनेमा बराच दाबून पाठवलेला असतो. तबकडीवरचाही दाबलेलाच, पण खूप कमी. मोठ्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता हीच तबकडी घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. डीव्हीडीचा ड्राइव्ह ती वाचत नाही, ब्लू-रेचा वेगळा घ्यावा लागतो. तो बसवला तरी विंडोजमध्ये ब्लू-रे सिनेमा दाखवण्याची सोय कधीच नव्हती. 2012 च्या विंडोज 8 पासून तर डीव्हीडीचीही सोय काढून घेतली. म्हणजे परवाना असलेला प्रोग्राम वेगळा विकत घ्या. तबकडीवर एएसीएस नावाचे कुलूप असते आणि त्याच्या किल्ल्या वरचेवर बदलतात, म्हणून तो प्रोग्राम ताजा करत राहा. मॉनिटर एचडीसीपी न मानणारा निघाला तर सारे करून पडदा काळाच. शिवाय इलाख्याची भानगड आहे. हिंदुस्थान सी विभागात, आखाती मुलुख बी विभागात. दुबई-मस्कतहून भावाने हौसेने आणलेली तबकडी इथे अडू शकते. सगळ्याच तबकड्यांवर हे बंधन नसते, पण विकत घेताना पाकिटावर ते पाहतो कोण?

खरा कहर 4के तबकडीचा. ही 2016 साली आली. कॉम्प्युटरवर ती रीतसर पाहायची तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स ही खास सोय असावी लागे. एएमडीच्या मशीनवर ती सोय कधीच नव्हती. मग 2021 साली इंटेलने डेस्कटॉपच्या 11 व्या पिढीपासून ती काढून टाकली. पॉवरडीव्हीडी हा प्रोग्राम बनवणाऱ्या सायबरलिंक कंपनीने गिऱ्हाइकांना सल्ला दिला, की 4के तबकड्या पाहायच्या असतील तर जुनाच प्रोसेसर ठेवा. नवे यंत्र घेतले म्हणून पूर्वी विकत घेतलेला माल निकामी! मागावर असे करून आम्ही पेठेत तोंड दाखवू शकलो असतो का?

सिनेमा बनवणाऱ्याची बाजू आम्हाला कळते. नवे डिझाइन बाजारात आले की आठ दिवसांत त्याची नक्कल दुसऱ्याच्या यंत्रमागावर निघते, हे दुःख आमच्या व्यापाऱ्यांइतके कुणाला ठाऊक? नकलेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण या कुलपाने चोर अडला नाही. पहिली यंत्रे 2006 साली विक्रीला आली आणि 2007 उजाडताच किल्ल्या जगभर पसरल्या. अडकला तो पावती घेऊन माल नेणारा. कुलूप लावण्याचा हक्क विकणाऱ्याला असेल, पण ते आहे हे सौद्याआधी सांगणे आणि ते उघडते ठेवणे हीही त्याचीच जबाबदारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या तरुण मेकॅनिकांना एक इशारा. कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या इराद्याने असे कुलूप तोडणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. घरात बसून स्वतःची तबकडी पाहणारा इराद्याच्या मुद्द्यावर बचाव मांडू शकेल. पैसे घेऊन दहा जणांना नकला काढून देणाऱ्या दुकानदाराला तो मिळणे कठीण. त्या वाटेला जाऊ नका.

माल भरण्याबाबतही हात आखडता ठेवावा. एचडी डीव्हीडी हा प्रतिस्पर्धी माल 2008 च्या फेब्रुवारीत तोशिबाने एका झटक्यात सोडला. सॅमसंगने 2019 साली अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले, सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. आपल्याकडे 28 रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकणारी मोझर बेअर 2018 साली दिवाळखोरीत निघाली. शौकीन गिऱ्हाईक अजून आहे, पण त्याच्यासाठी ऑर्डर घेऊनच मागवावे.

आणि अशा गिऱ्हाइकाला आधी तीन प्रश्न विचारावेत: तबकडी साधी ब्लू-रे की 4के, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मॉनिटर कोणता. केवळ सिनेमाच पाहायचा असेल तर टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअर सुचवावा, मग त्यात आपला नफा कमी सुटला तरी चालेल. ड्राइव्हच विकायचा ठरला तर "प्रोग्राम वेगळा घ्यावा लागेल" एवढे बिलावर मराठीत लिहून द्यावे.