छडीमागील कारणे
दिवाळी सरता सरता बीड-नगरकडील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभारतात, आणि त्यांची मुले अर्ध्या सत्रात, बहुधा दाखल्यावाचून, गावच्या प्राथमिक शाळेत येऊन बसतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडावर गेलेले, धाकटी बहीण कडेवर, म्हणून हजेरीनंतर पोहोचलेल्या अशा मुलावर जेव्हा छडी उगारली जाते, तेव्हा तिचे मूळ केवळ शिक्षकाच्या कोपिष्ट स्वभावात शोधणे अपुरे होय. दोन-तीन इयत्ता एकट्याने सांभाळून वर सरकारी तक्ते भरणारा शिक्षक त्रासून जातो, हे खरे. परंतु तो त्रागा सधन बागायतदाराच्या मुलावर सहसा निघत नाही, कारण त्याचा बाप दुसऱ्याच दिवशी जाब विचारावयास येतो, आणि कोपीतला बाप येऊ शकत नाही. आमच्या मते प्रधान कारण हेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे; तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी गळीत हंगामात स्वतः कोप्यांवर जाऊन पालकांच्या तक्रारी ऐकाव्यात, आणि जिल्हा परिषदेने अशा शाळांना हंगामापुरता जादा शिक्षक द्यावा.