अंधार विकत मिळतो काय?

दिवाळी अंकात अंधाराची बाजू घेणे म्हणजे लग्नाच्या मांडवात सुतकाची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, आणि पावसाळा सरल्यावर स्वच्छ आकाशाची बहुधा हीच पहिली अमावास्या असते. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला याहून चांगली रात्र नाही. तेव्हा माझे भांडण मांडायला हाच मुहूर्त बरा. थोड्या पैशांत आकाश टिपू पाहणाऱ्या पोरांच्या गळ्यात ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ नावाची काच बांधण्याचा जो उद्योग चालला आहे, तो मला मान्य नाही. त्या उद्योगात एकदा मीही दलाली केली आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकचे, त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. हायस्कुलात मुलांना रंग कालवायला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या पहिल्या कादंबरीत मी कार्तिकातल्या संध्याकाळी मृग नक्षत्र नायिकेच्या डोक्यावर आणून ठेवले होते. एका वाचकाने पत्र लिहून माझे कान उपटले. त्या दिवसांत मृग उगवायलाच रात्र बरीच चढावी लागते! तेव्हापासून, निदान पुन्हा फजिती नको म्हणून, आकाशाकडे पाहू लागलो. आणि पाहता पाहता वेड लागले.

हे वेड माझ्याकडून एका नववीतल्या मुलीला लागले. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. मामाने वापरून टाकलेला जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स तिला मिळाली. गच्चीवरून तिने देवयानी दीर्घिकेचे फोटो काढले. सगळे चित्र साय धरलेल्या दुधासारखे. देवयानी कुठेच नाही. “सर, आता काय करू?” असे तिने विचारले. मी नुकतेच कुठेतरी वाचले होते, आणि अर्धवट वाचलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने सांगून मोकळा झालो, “फिल्टर घे.”

आठ हजार पाचशे रुपये. तिच्या वडिलांनी नोटा मोजल्या तेव्हा त्यांच्या बोटांचे पीठ नोटांना लागत होते. महिन्याभराने मुलीने नवी चित्रे आणली. दुधाचा रंग तेवढा बदलला होता. पांढऱ्याचे हिरवट-निळे झाले होते. तारे पहिल्यापेक्षा कमी, आणि देवयानी पूर्वीइतकीच गैरहजर. विकणाऱ्याने सांगितले की, डबी एकदा उघडली की माल परत घेत नाही. गिरणीवाले मला एवढेच म्हणाले, “सर, चाळण बारीक केली की कोंडा अडतो खरा, पण पीठबी कमीच पडतं.” मी शरमलो. ज्या गोष्टीचा मी महिनाभर आधी विचार करायला हवा होता, ती या गृहस्थांनी जात्याजवळ उभे राहून एका वाक्यात सांगितली होती.

आता या काचेचे मर्म पाहा. रस्त्यांवर पूर्वी पिवळ्या सोडियमच्या दिव्यांचे राज्य होते. सोडियमचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्यात एकवटलेला असतो. काच फुंकणारे कारागीर हाच पिवळा झगझगाट डोळ्यांपासून दूर ठेवायला डिडिमियमच्या काचेचा चष्मा लावतात. निओडिमियम घातलेल्या काचेचा फिल्टर हे त्याच जातीचे अपत्य. तांदळात काळे खडे असावेत तसा तो पिवळा प्रकाश होता; खडे दिसत होते, म्हणून वेचता येत होते. त्या काळी या काचेची तारीफ करणारे खोटे बोलत नव्हते.

पण जानेवारी २०१५ मध्ये सरकारने रस्त्यांवरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभरात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. विजेची मोठी बचत झाली, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पांढऱ्या एलईडीचा प्रकाश एका रंगात राहत नाही. ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा एक उंच सुळका, आणि पुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला डोंगर. देवयानी म्हणजे कोट्यवधी तारे, आणि ताऱ्यांचा प्रकाशही असाच सर्व रंगांत पसरलेला. म्हणजे आता तांदूळही पांढरे आणि खडेही पांढरे! कोणती सुगरण ते निवडील? फिल्टर जेवढा दिव्याचा प्रकाश अडवतो, जवळजवळ त्याच हिशेबाने ताऱ्यांचाही अडवतो. वर चित्राचे रंग बिघडवतो तो वेगळाच. मी वर्गात रोज रंग कालवतो. हे मला सुचू नये?

फिल्टरच्या बाजूचे लोक यावर म्हणतील की, दोन अरुंद पट्ट्यांचे नवे फिल्टर पाहा. पाहिले. ते खोटे नाहीत. मृगातल्या तेजोमेघासारखे वायूचे मेघ ठराविक रंगांतच चमकतात. हायड्रोजनचा तांबडा ६५६.३ नॅनोमीटरला, प्राणवायूचा हिरवट-निळा ५००.७ ला. पांढऱ्या तांदळात मसुराचे दाणे असावेत, तसे. त्या दोनच फटी उघड्या ठेवून बाकी सगळे बंद करणारी काच शहरातही चमत्कार करते. मात्र त्या फटींतून प्रकाश इतका थोडा येतो की, एकेक चित्र कित्येक मिनिटांचे घ्यावे लागते. त्यासाठी ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारे यंत्र लागते. शिवाय साध्या कॅमेऱ्याच्या पोटात कारखान्यानेच बसवलेली एक काच असते, ती हायड्रोजनचा हा तांबडा प्रकाश बराचसा गिळते. ती काढून घ्यावी लागते. म्हणजे फिल्टर स्वस्त वाटला तरी त्याचे वऱ्हाड महाग. ज्याच्याकडे हे सगळे आधीच आहे त्याने खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे तिवई आणि मामाचा कॅमेरा आहे, त्याला हे विकणे म्हणजे बैल नसलेल्याला झूल विकणे होय. देवयानी, कृत्तिका, आकाशगंगेतले तारे यांपैकी कशालाच तो उपयोगी नाही, ही गोष्ट मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही.

आता हिशेबाची गोष्ट. ताऱ्यांची तेजस्विता प्रतींत मोजतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. गावातले आकाश माळरानावरल्या आकाशाहून तीन प्रतींनी उजळ असेल, तर ते सुमारे सोळापट उजळ झाले. अंधुक वस्तूचे तेवढेच स्वच्छ चित्र मिळवायला मग सोळापट वेळ लागतो. डोंगरावरचा एक तास म्हणजे गच्चीवरचे सोळा तास! संगणकावर आकाशाचा उजेड वजा करता येतो, पण त्याच्याबरोबर आलेला रवाळपणा वजा होत नाही. साडेआठ हजारांत एस.टी.च्या किती फेऱ्या होतात हे मोजायला मॅट्रिकचीही गरज नाही.

फेरी आम्ही केलीच. पुढच्या अमावास्येला गिरणीवाल्यांच्या टेम्पोतून पठारावरच्या एका वाडीत गेलो. फिल्टर मुद्दाम घरी ठेवला. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच तिवई. तारे रेघा होऊ नयेत म्हणून सहा-सहा सेकंदांची दोनशे चित्रे, म्हणजे अवघी वीस मिनिटे; आणि ती जुळवायला फुकट मिळणारा प्रोग्रॅम. लांबट, धुरकट, मधे उजळ अशी देवयानी चित्रात उमटली. पण मुलगी चित्राकडे नंतर वळली. कॅमेरा आपला टिकटिकत होता आणि ती मान वर करून उभी होती. डोळ्यांनीच तिला तो धुरकट ठिपका दिसला होता. चौदा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा! मला राग आला तो तिथे. नवल पोरीचे नव्हते. चौदा वर्षे ते आम्ही तिच्यापासून झाकून ठेवले होते, याचा राग.

कारण हा उजेड काही आभाळातून पडलेला नाही. आमच्या गावचे नवे दिवे थंड पांढरे आहेत, आणि कित्येकांची माना वर केलेली तोंडे रस्त्यापेक्षा ढगांना अधिक प्रकाशित करतात. निळा प्रकाश स्वच्छ हवेत सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो, म्हणून आकाश अधिकच फिकट होते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी लोकांनी केलेल्या नोंदींवरून आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे तिच्यात दिसले. या वाढीपुढे काच किती बदलत बसणार?

“मग काय अंधारात चालायचे? चोरांचे फावेल!” हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये दर आठवड्याला ऐकावा लागतो. अहो, दिवा विझवा असे म्हणतो कोण? त्याला टोपी घाला, तोंड खाली करा, रंग जरा उबदार ठेवा. रस्त्यावर उजेड वाढेल आणि डोळ्यांवरची तिरीप कमी होईल. हे विलायतेतले चोचले नव्हेत. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाभोवतालच्या वाघोली, सिल्लारी अशा गावांत रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. भारतातला तो पहिलाच. तिथे रात्री माणसे चालतात, आणि वाघ शेजारी असून चालतात.

तो फिल्टर मी मुलीकडून विकत घेतला. भाव तोच, साडेआठ हजार. माझ्या सल्ल्याची किंमत मीच द्यायला हवी होती. ती घ्यायला गिरणीवाले तयार नव्हते. शेवटी दिवाळीच्या दळणाचे आगाऊ म्हणून घेतले. त्या पैशांतला थोडा भाग एका अर्जाच्या छायाप्रतींवर गेला. गल्लीतल्या अकरा दिव्यांना टोप्या बसवाव्यात असा तो अर्ज. मजकूर मुलीचा, खाली चौतीस घरांच्या सह्या. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. दरम्यान गिरणीवाल्यांनी स्वतःच्या दारावरच्या दिव्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी केली. ओबडधोबड आहे, पण समोरच्या गच्चीवरून आता कृत्तिकांतले सहा तारे मोजता येतात. पूर्वी चारावर गाडी अडत असे.

लक्ष्मीपूजन आटोपून रात्री नऊला टेम्पो पुन्हा वाडीकडे निघणार आहे. मागे पाचसहा माणसांची जागा आहे. स्वेटर, कानटोपी आणि फराळाचा डबा ज्याचा त्याने आणावा. बॅटरी आणल्यास तिला तांबडा कागद गुंडाळावा.