एका वर्षाची मुदत

दरवर्षी डिसेंबरची १० तारीख उजाडली, की आपल्या महाविद्यालयांतून मानवी हक्क दिन साजरा होतो. समई उजळते, पाहुण्यांच्या हाती श्रीफळ पडते, १९४८ च्या जाहीरनाम्यातील ३० कलमांचे भित्तिपत्रक लागते, आणि दुपारच्या भोजनानंतर प्रमाणपत्रे घेऊन विद्यार्थी एस.टी. गाठतात. छायाचित्रे नॅकच्या फायलीत जातात. विद्यापीठांतील मानवी हक्क अभ्यासकेंद्रांचे वार्षिक अहवाल म्हणजे बहुधा अशाच सोहळ्यांची बेरीज असते. इतकी चर्चासत्रे, इतके शोधनिबंध, इतकी व्याख्याने, इतके लाभार्थी. (हक्कांच्या अहवालात लाभार्थी हा शब्द का यावा, हे आम्हांला आजवर उमगलेले नाही. ज्याचा हक्क, तो लाभार्थी कसा?)

सोहळ्यांशी आमचे भांडण नाही. तरुण मुलांच्या कानांवर ती ३० कलमे एकदा तरी पडलेली बरी. आमची तक्रार आहे ती त्या वर्षभराच्या कामाच्या दिशेविषयी. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, किंवा ज्यांच्या अंगणात आता नवी विद्यापीठे उभी राहत आहेत, तेथील मानवी हक्कांच्या अभ्यासाने आपले वर्ष कोठे खर्च करावे, याविषयी आम्हांला काही कडवट बोलावयाचे आहे.

त्यासाठी आधी कायद्यातील एक ओळ वाचकांपुढे ठेवली पाहिजे. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ सालचा. त्यानुसार दिल्लीला राष्ट्रीय आयोग आला, पुढे मुंबईला राज्याचा आयोग आला. या कायद्याच्या ३६ व्या कलमाचे दुसरे उपकलम सांगते, की हक्कभंगाचे कृत्य घडल्याला एक वर्ष उलटले, तर त्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोगाने करू नये आणि राज्य आयोगानेही करू नये. एक वर्ष! शेतजमिनीच्या बांधाचा दावा आपल्याकडे आजा लावतो आणि नातू निकाल ऐकतो. पण माणसाच्या माणूसपणाला धक्का लागला, तर त्याने बारा महिन्यांच्या आत मुंबई गाठावी, अशी अपेक्षा आहे. अन्याय अजून चालूच असेल तर मुदत संपत नाही, असा युक्तिवाद वकील मंडळी करतात आणि कधीकधी तो मान्यही होतो. परंतु तो करण्यासाठी वकील लागतो, आणि वकिलापर्यंत पोहोचण्यासाठी जे लागते ते ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्याविषयीच आम्ही बोलत आहोत.

शहरात ही मुदत एक वेळ पुरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहरातील पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला, आणि तो पळून गेल्याचे सांगण्यात आले. नातेवाईक हटले नाहीत, वृत्तपत्रे हटली नाहीत, आणि काही दिवसांतच पोलिसांनाच अटक झाली. गुन्हा भयंकर होता. पण त्याला एक तारीख होती, एक ठाणे होते, दाराशी उभी राहणारी माणसे होती. ज्या अन्यायाला अशी एक तारीखच नाही, त्याचे काय करावयाचे?

कोयनेकडे पाहा. १९६३-६४ च्या सुमारास धरण पुरे झाले. शिवसागराचे पाणी चढत गेले आणि जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या खोऱ्यांतील गावे एकामागून एक त्याखाली गेली. हजारो कुटुंबे उठली. कोणी सांगली-सोलापूरच्या माळावर गेले, कोणी घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ साली, म्हणजे ही माणसे उठल्यानंतर दहा-बारा वर्षांनी. तोवर जे मिळाले ते सरकारच्या मर्जीने. पैसा खातेदाराच्या नावे आला. जो कूळ होता, बलुतेदार होता, भूमिहीन होता, ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नव्हते, त्यांचे त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते.

काही कुटुंबांनी खोरे सोडले नाही. ती पाण्याच्या वर, डोंगराच्या कुशीत सरकली. १९८५ साली त्याच डोंगरावर कोयना अभयारण्य जाहीर झाले. शेजारी वारणेच्या खोऱ्यात, सांगलीच्या शिराळा तालुक्याकडील बाजूस, चांदोलीचे अभयारण्यही त्याच वर्षीचे. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाण्याने उठवलेल्या माणसाला वाघासाठी पुन्हा उठण्याची पाळी आली. वाघाशी आमचे वैर नाही, अरण्य राहिलेच पाहिजे. पण एकाच घराण्याने देशासाठी किती वेळा उठावे, याला काही सुमार?

आणि २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर, ढोकावळे, मिरगाव येथे मध्यरात्री दरडी कोसळल्या, माणसे चिखलाखाली गेली. वाचलेल्यांचे पहिले वर्ष तात्पुरत्या निवाऱ्यात आणि कचेऱ्यांच्या फेऱ्यांत कसे सरते, हे त्या भागात ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांना सांगावे लागणार नाही. कलम ३६ चे घड्याळ मात्र त्या रात्रीपासून टिकटिकत असते.

आता आमचा मुद्दा. आयोगाला एक वर्षाची मुदत आहे, न्यायालयाला आपली मुदत आहे, आमदार-खासदारांना पाच वर्षांची आहे. विद्यापीठाला कोणतीही मुदत नाही. १९६१ साली काय घडले हे आज विचारण्याचा अधिकार, आणि ते पुराव्यानिशी लिहून ठेवण्याची साधने, असे दोन्ही ज्याच्यापाशी आहे असे दुसरे स्थान आमच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणूनच विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने आयोगाची लहान प्रतिकृती होऊ नये, आणि सभागृह भरविणारी समितीही होऊ नये. जेथे कायद्याची मुदत संपते, तेथून त्याचे वर्ष सुरू व्हावे.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ च्या नोव्हेंबरात स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ आणि धरण ही समवयस्क भावंडे. एकाच्या वर्गांत ज्या वर्षी मुले बसू लागली, त्याच सुमारास दुसऱ्याच्या पाण्यात काही मुलांच्या शाळा बुडत होत्या. या भावंडांची नीट ओळख व्हावयास नको का?

संशोधन झालेच नाही असे कोण म्हणेल? १९६७ च्या डिसेंबरातील भूकंपानंतर जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेला आले. धरणाच्या पाण्याने भूकंप जागतो काय, हा प्रश्न आजही अभ्यासला जातो; कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. विज्ञानाची ही जिद्द आम्हांला वंदनीय वाटते. परंतु ज्या भूमीत आपण तीन किलोमीटर खाली उतरलो, त्या भूमीवरून नेमके कोण उठले, किती जमीन गेली, बदल्यात काय मिळाले, याची संकलन नोंदवही पुरी करा, अशी मागणी घेऊन धरणग्रस्तांना २०१८ साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. धरण बांधून अर्धशतक उलटल्यावर! श्रमिक मुक्ती दलाच्या त्या आंदोलनातील वृद्धांना मानवी हक्क म्हणजे काय, हे भित्तिपत्रकावरून शिकावे लागले नव्हते.

नोंदवहीचे मोल आपल्या पॅरिशमधील कुटुंबांना तरी समजावून सांगावे लागू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील एका ओळीवर शाळेतला दाखला निघतो, लग्नाची पत्रिका निघते, परदेशी गेलेल्या नातवंडाला आपल्या आज्याचे नाव सापडते. ती ओळ नसेल तर काय धावपळ होते, ते घरोघर ठाऊक आहे. धरणग्रस्ताची तीच गत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला नसेल तर सरकारी नोकरीतील पाच टक्के समांतर आरक्षण त्याच्या मुलापुरते कागदावरच राहते. आणि दाखल्यासाठी लागणारा कागद ज्या गावच्या चावडीत होता, ती चावडी पाण्याखाली.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला विद्वानांचा. विद्यापीठाने तटस्थ असावे, आंदोलनात पडू नये. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. संशोधकाने आधीच निकाल ठरवून माहिती गोळा केली, तर ती माहिती कोर्टात टिकत नाही आणि धरणग्रस्तांचेच नुकसान होते. पण तटस्थ राहणे म्हणजे लांब राहणे, असे कोणी ठरविले? अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथॉलिक विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग १९५७ साली तेथील नागरी हक्क आयोगाचे सदस्य झाले. त्या आयोगाने दक्षिणेकडील शहरांत जाऊन, मतदानाचा हक्क नाकारलेल्या कृष्णवर्णीयांच्या साक्षी उघडपणे नोंदविल्या. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी बिनसून फादरांना आयोग सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी नोत्र दामच्या विधी महाविद्यालयात नागरी हक्कांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. ऐकलेली साक्ष आधी, केंद्र नंतर. आपल्याकडे केंद्र आधी उभे राहते. साक्ष घ्यावयाची राहून जाते.

आपल्या देशातही उदाहरण आहे. येशूसंघाचे फादर वॉल्टर फर्नांडिस यांनी दिल्लीत आणि नंतर गुवाहाटीत राहून विस्थापितांची मोजणी हेच आपले काम मानले. स्वातंत्र्यानंतर विकासाच्या नावाखाली उठविल्या गेलेल्या वा बाधित झालेल्या माणसांचा आकडा सहा कोटींच्या घरात जातो, हा त्यांचा अंदाज आज सर्वत्र उद्धृत होतो. सरकारपाशी देशभराचा पुरता हिशेब नव्हता, म्हणून एका धर्मगुरूला तो मांडावा लागला.

आणि लांब कशाला? सांगली जिल्ह्यातील कासेगाव घ्या. बर्कले विद्यापीठाची एक विद्यार्थिनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिण्यासाठी येथे आली, १९७३ साली डॉक्टरेट मिळाली, आणि विदुषी परत जाण्याऐवजी कासेगावची सून झाली. गेल ऑम्वेट यांनी २०२१ साली याच गावी देह ठेवला. धरणग्रस्त, दुष्काळग्रस्त, परित्यक्ता स्त्रिया यांच्या चळवळींत त्या वावरल्या आणि लिहीतही राहिल्या. त्यांच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा आला, असे त्यांच्या टीकाकारांनीही म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवरील बळीराजा धरण १९८० च्या दशकात उभे राहिले, ते अशाच मेळातून. दुष्काळी गावांतील शेतकरी, मुक्ती संघर्ष चळवळ, लोकविज्ञानाचे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते एकत्र बसले. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने वाटावे, भूमिहीनालाही वाटा असावा, हा विचार तेथे मांडला गेला. मानवी हक्काची याहून स्वच्छ व्याख्या आम्हांला कोणत्याही चर्चासत्राच्या पुस्तिकेत आढळली नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा, आणि तो आम्हांला अधिक बोचतो. आपण मूठभर, हे प्रश्न इतरांचे, आपण यात कशाला पडावे? यास उत्तर म्हणून तत्त्वज्ञान सांगण्याची आमची इच्छा नाही. पोप तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक ११ एप्रिल १९६३ चे, कोयनेचे धरण भरत होते त्याच काळातले. त्यात माणसाच्या हक्कांची यादी आहे आणि प्रत्येक हक्काला जोडून कर्तव्यही सांगितले आहे. ते परिपत्रक सर्व सुजनांना उद्देशून होते, केवळ कॅथॉलिकांना नव्हे. आपल्या धर्मग्रामांत किती घरी ते मराठीतून वाचले गेले, हा प्रश्न विचारून आम्ही पुढे जातो.

मग केंद्राने वर्षभर करावे तरी काय? आमची मागणी मोठी नाही. एक खोरे निवडावे. विधी शाखेची, समाजशास्त्राची, मराठीची मुले पाचपाचच्या गटाने वाडीवस्तीवर आणि पुनर्वसित गावठाणांत पाठवावी. उठलेल्या पिढीतील स्त्री-पुरुषांचे कथन त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावे. घरातील ट्रंकेत जपलेल्या नोटिसा, पावत्या, जुने उतारे यांच्या प्रती काढाव्या. सरकारी दप्तरातील कागद माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागवावे आणि दोन्ही समोरासमोर ठेवावे. जेथे सरकारचा कागद खरा आणि आठवण चुकीची ठरेल, तेथे तसे निर्भयपणे लिहावे. आणि छापण्यापूर्वी तो सारा मजकूर, मराठीत, त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. इंग्रजी शोधनिबंध त्यानंतर खुशाल लिहावा.

अशा नोंदींनी काय साधते, असे कोणी विचारील. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या चळवळीने, २०१३ साली पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतरही, जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी गोळा करणे थांबविले नाही. गावोगावचे ते अनुभव पुढे आले, त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली विधिमंडळाने केला आणि २०१७ च्या जुलैत तो अमलात आला. त्या कामात विद्यापीठांचा वाटा किती होता, ते विद्यापीठांनीच सांगावे.

खर्चाचे कारण पुढे करू नये. एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या निवासाला आणि भोजनाला जो पैसा लागतो, त्यात पंचवीस मुलांचे पाटण-कोयनानगर आणि शिराळा-चांदोलीचे एस.टी.चे भाडे निघते. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले-मुली कराड, सातारा, सांगली, मिरज येथे शिकत आहेत, त्यांनी यंदाच्या १० डिसेंबरपूर्वी प्राचार्यांना एक पत्र लिहावे आणि हे काम आपल्या महाविद्यालयात केव्हा सुरू होणार, ते विचारावे. पाणी चढले त्या वर्षी जी माणसे वीस वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत.