अंडी मोजू नका, तोला



माझी भाची बीडला घरूनच वाढदिवसाचे केक करून देते. मागच्या महिन्यात तिचा एक केक फुललाच नाही, वर कोरडाही झाला. गिऱ्हाईक नाराज झालं. ती वैतागून म्हणाली, "खाला, गावरान अंड्यांचा केक होतच नाही. यापुढे आजीकडची अंडी बंद."

ही आजी आठवडी बाजारात अंडी विकायला येते. दिवाळीच्या सुमारास मुलगा-सून ऊसतोडीला जातात. नातवंडं आणि कोंबड्या तिच्याजवळ राहतात. मीठ-मिरची या अंड्यांवरच चालते. म्हणून मी म्हटलं, "आधी काटा काढ, मग ठरव."

आजीचं अंडं भरलं 40 ग्रॅम, दुकानातलं 54. कृती होती अमेरिकेतली, 'तीन लार्ज अंडी'. तिकडे लार्ज म्हणजे टरफलासह साधारण 57 ग्रॅम, टरफल काढून 50. आपल्या प्रतवारीत 53 ते 59 ग्रॅमचं अंडं मोठं, 45 ते 52 मध्यम आणि 38 ते 44 लहान. म्हणजे केकला हवा होता 150 ग्रॅम ऐवज आणि तीन गावरान अंड्यांतून पडला जेमतेम 107. मैदा, साखर मात्र पूर्ण मापाची! केक फुलणार कसा?

मग हिशेब असा ठेवा:

• कृतीतल्या प्रत्येक लार्ज अंड्यामागे टरफलाशिवाय 50 ग्रॅम धरा. काटा नसेल तर फेटलेल्या अंड्याचे मापाचे 3 मोठे चमचे भरून घ्या.

• तीन लार्जच्या जागी चार गावरान घ्या. ती साधारण 142 ग्रॅम भरतात. उरलेल्यासाठी दीड छोटा चमचा दूध घाला.

• जास्त भरलं तर आधी सगळं फेटा, मगच जादाचं काढा. न फेटता काढलं तर नुसता पांढरा भाग निघून येतो. काढलेलं आम्लेटात घाला.

• एकाच अंड्याची कृती असेल तर फार डोकं लावू नका. स्पंज केकला मात्र तोलूनच घ्या, कारण तो अंड्यावरच फुलतो.

• गावरान अंडं आधी पाण्यात सोडा. तळाशी आडवं बसलं तर ताजं. तरंगलं तर बाजूला ठेवा. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडा. एक खराब निघालं तरी बाकीची वाचतात.

भाचीने तोच केक पुन्हा केला आणि त्या गिऱ्हाइकाकडे नेऊन दिला. छान फुलला होता, आणि गावरान बलकामुळे रंगही सुरेख आला होता.

आता ती आजीकडून बाराच्या जागी सोळा अंडी घेते.