पोलाद किलोच्या भावात, हत्यार नगाच्या भावात



रत्नागिरीच्या अलीकडे हातखंबा नावाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि मिऱ्या-नागपूर महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. यातल्या दुसऱ्या रस्त्याने निघालेला ट्रक आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरला पोचतो. म्हणजे तुमच्या पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या बांधावरून जाणारा रस्ताच पुढे हातखंब्याला उतरतो. पीकपाणी वेगळे असले तरी रस्ता एकच आहे, आणि या रस्त्यावर तुटणारे पोलादही एकच आहे.

घाटाच्या वळणात, खड्ड्यात, जादा भाराखाली ट्रकच्या कमानीचा पाटा तुटतो. नवा पाटा बसतो, जुना गॅरेजच्या दारात पडतो आणि तिथून किलोवर भंगारात जातो. कोकणातला जाणता शेतकरी मात्र असा तुकडा उचलून लोहाराकडे नेतो आणि कोयती करून घेतो. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत कोयती. भाजावळीसाठी कवळ तोडायची ती तिनेच, बागेतली झुडपे साफ करायची ती तिनेच, नारळ सोलायचा तोही तिनेच. हल्ली शहरातली पोरे रानात मुक्कामाला जाताना परदेशी छापाचा महागडा सुरा विकत घेतात. त्या सुऱ्याला जी कामे करायची असतात, ती कोयती पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे.

पाटाच का? कारण पोलादाचा जीव त्यातल्या कर्बात असतो. घरबांधणीच्या साध्या सळईत कर्ब पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. अशा लोखंडाला कितीही तापवून बुडवले तरी टिकाऊ धार येत नाही. कमानीच्या पाट्यात कर्ब अर्धा ते ०.६ टक्के असतो. शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम असते, त्यामुळे तो लवतो पण सहजी मोडत नाही. कानशीत कर्ब एक टक्क्याच्या वर असतो. ती फार कडक, म्हणून लहान सुरीला चांगली, पण घाव घालायच्या हत्याराला ठिसूळ पडते. ओळखायची युक्ती सोपी आहे. ग्राइंडरच्या दगडावर टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात, पोलादाच्या ठिणग्यांना फाटे फुटतात.

आता हिशेब मांडू. जीपच्या कमानीचा पाटा सुमारे ६ सेंटिमीटर रुंद आणि ६-७ मिलिमीटर जाड असतो. त्याचा वीतभर तुकडा भरतो सुमारे ७०० ग्रॅम. एका कोयतीला तेवढे पुरे. म्हणजे हत्याराचे सारे पोलाद पाऊण किलो भंगाराच्या किमतीत येते. मग बाजारातल्या हत्याराची किंमत कशाची? भट्टीची, घणाची आणि सगळ्यात जास्त 'पाणी' देण्याच्या अकलेची. आपण पोलाद किलोवर विकतो आणि अक्कल दुसऱ्याकडून नगावर विकत घेतो. हा व्यवहार ओळखीचा वाटतो ना? कापसाचे आणि कापडाचे नाते याहून वेगळे नाही.

हे काही आजचे नाही. नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम्‌ नावाचे गाव आहे. तिथे मुशीत पोलाद गाळीत आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. दख्खनच्या या पोलादाच्या तलवारी जगभर नावाजल्या, पण नाव झाले दमास्कसचे. पोलाद गाळणाऱ्या गावाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? उलट नेपाळात पाहा. तिथले कारागीर गाड्यांच्या जुन्या पाट्यांतून खुकरी घडवतात. पोलाद भंगारातले, पण नाव नेपाळचेच राहिले. कारण घडवण्याचे काम त्यांनी हातचे जाऊ दिले नाही.

पाणी देणे म्हणजे काय, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक हवे. पाट्याला आडवी बारीक चीर असेल तर तो तुकडा टाकून द्यावा, कारण तुटलेल्या पाट्यात दुसरी चीर दडलेली असू शकते. घडून झाल्यावर पाते तापवताना जुन्या स्पीकरचे चुंबक टेकवून पाहावे. सुमारे ७७० अंशांना चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून धारेची बाजू कोमट तेलात बुडवावी. गार पाण्यात एकदम बुडवले तर पाटा तडकण्याची भीती असते. इतके झाले की धार काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. म्हणून पाते घासून उजळ करावे आणि पाठीकडून हळूहळू पुन्हा ऊब द्यावी. रंग आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असा सरकतो. धारेवर तपकिरी रंग आला की थांबावे. पाठ निळी झाली तरी चालते, ती मऊच हवी. धार निळी झाली की पाणी उतरले. पुढे ग्राइंडरवर धार लावतानाही हेच सांभाळायचे. विळ्याला, खुरप्याला, वखराच्या पाशीलाही हाच नियम आहे.

कुणी म्हणेल, बाजारात ठोकळ्याने कापलेला कोयता स्वस्त मिळतो, एवढी उठाठेव कशाला? स्वस्त कोयता हंगामात दहादा पाजवावा लागला, तर प्रत्येक वेळी मजुराचे काम थांबते. ती मजुरी कोयत्याच्या किमतीत धरा आणि मग स्वस्त कोणता ते ठरवा.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. गावचा लोहार बलुतेदार होता. वर्षभर पास, फाळ, विळे नीट करायचा आणि खळ्यावर धान्य न्यायचा. ती पद्धत मोडली. तिच्यात अपमान होता, मोडली ते बरेच झाले. पण तिच्या जागी रोख दाम आले का? घिसाड्याचे पाल गावाबाहेर पडले की त्याची बाई भर उन्हात घण मारते आणि आपण एका खुरप्यासाठी तिच्याशी घासाघीस करतो. आपल्या मालाला उत्पादनखर्चावर भाव मागायचा आणि लोहाराचा कोळसा, त्याचे तास, भात्यावरच्या पोराचे तास हिशेबात धरायचे नाहीत? बाजारात व्यापारी आपल्याशी जसा वागतो, तसेच आपण ऐरणीपाशी वागतो. लोहाराचे पोर भट्टी सोडून शहरात गेले, तर दोष केवळ सरकारचा नाही.

एक भीती काढून टाकू. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शेतात कोयता ठेवायला परवाना लागत नाही. तोच कोयता भांडणात उगारला किंवा मिरवणुकीत मिरवला, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा तीन कामे करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, जीपचा पाटा तुटला तर भंगारात घालू नका. लोहाराकडे जाताना पोलाद आपले न्या आणि कोळसा व मजुरी धरून रोख दाम द्या, घासाघीस न करता. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या तालुक्यात किती भट्ट्या पेटत्या आहेत, त्यांवर पाणी देणारे तरुण हात किती आहेत, ते मोजून या. आकडा लहान निघेल. पण भट्टी विझल्यावर मोजण्यापेक्षा आताच मोजलेला बरा.